फोटोचा चेहरा उतरेपर्यंत: व्यक्तिचित्रातून माणसाचे अंतरंग कसे रंगवावे

व्यक्तिचित्रासाठी समोर बसलेला माणूस पहिल्या बैठकीत जो चेहरा आपल्यापुढे धरतो, तो कॅमेऱ्यासाठी घडवलेला असतो. आधार कार्ड, पासपोर्ट आणि लग्नाचे अल्बम यांच्यासाठी वर्षानुवर्षे सराव झालेला हा चेहरा मुंबईत घरोघरी सारखाच भेटतो: हनुवटी किंचित वर, ओठ मिटलेले, डोळे गरजेपेक्षा अधिक उघडे आणि खांदे एका रेषेत. चित्रकार घाईत असेल तर तो हाच चेहरा रंगवतो, साम्यही उत्तम साधतो, आणि तरीही घरातली माणसे चित्रासमोर उभी राहून गप्प होतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका वडीलधाऱ्या नातेवाइकाचे चित्र मी छायाचित्रावरून केले होते. नाक, भुवया, कपाळावरची शीर, चष्म्याची काडी, सारे जिथल्या तिथे होते. त्यांच्या मुलीने बराच वेळ पाहिले आणि ती म्हणाली, "दिसतात अगदी बाबाच, पण बाबा असे कधी बसत नाहीत."

त्या एका वाक्याचा अर्थ मी पुढे कित्येक वर्षे लावत राहिलो. माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्यावरच्या हसण्या-रुसण्यात शोधू लागलो की तो हातून निसटतो, कारण भाव क्षणात येतो आणि जातो. सवय मात्र शरीरात मुरलेली असते. ती तासन्‌तास समोर राहते, पुढच्या रविवारी पुन्हा तशीच येते, आणि म्हणून ती रंगवता येते. पुढील सारी कृती ही सवय शोधण्याची आणि तिला चित्रात जागा करून देण्याची आहे.

पहिली बैठक वहीची

पहिल्या बैठकीत कॅनव्हास उघडूच नये. जाड कागदाची वही आणि कोळशाची कांडी किंवा ४बी पेन्सिल एवढेच जवळ ठेवावे, आणि समोरच्याला "हलू नका" असे सांगू नये. चहा येऊ द्यावा, दारावर आलेल्या माणसाशी त्यांना बोलू द्यावे, फोन घेऊ द्यावा. या वेळात दोन ते पाच मिनिटांची पंधरा-वीस रेखाटने करावीत, आणि त्यांत नाक-डोळ्यांच्या मागे न लागता डोके मानेवर कसे टेकले आहे, पाठ कोणत्या बाजूला कलते, कोणता खांदा खाली उतरलेला आहे आणि रिकामे झालेले हात आपोआप कुठे जातात, एवढेच टिपावे. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने माणूस आपले चित्र निघते आहे हे विसरतो. हनुवटी खाली येते, एक खांदा सैलावतो आणि फोटोचा चेहरा उतरतो. तोपर्यंतची रेखाटने बाजूला ठेवावीत आणि त्यानंतरची भिंतीवर ओळीने लावावीत. पाच-सहा रेखाटनांत पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट हीच आपल्या चित्राचा गाभा असते.

ही नजर बसवण्यासाठी मुंबईसारखी दुसरी शाळा नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये स्थापन झाले, आणि तिथले विद्यार्थी कितीतरी पिढ्या जवळच्या व्ही. टी. स्थानकावर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, वही घेऊन बसत आले आहेत. गाठोड्यावर डोके टेकून झोपलेला हमाल, लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत पोराला थोपटणारी बाई, इंडिकेटरकडे मान वर करून उभा असलेला नोकरदार यांपैकी कोणीही आपल्यासाठी पोझ देत नाही, आणि या सरावाचा फायदा नेमका त्यातच आहे. लोकलमध्येही असाच सराव करता येतो, मात्र कोणी अवघडलेले दिसले तर वही तत्काळ मिटावी. माणसाची परवानगी नसताना त्याच्या अंतरंगात डोकावण्याचा अधिकार चित्रकारालाही नाही, असे माझे ठाम मत आहे.

बोलण्याविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. समोरच्या व्यक्तीला तिच्या दुःखाबद्दल विचारू नये. अशाने एक तर ती सावध होते, किंवा तिच्या डोळ्यांत पाणी येते आणि आपण त्या पाण्याच्या मोहात पडतो. त्याऐवजी तिला एखादे काम कसे करतात ते विचारावे. माशांची वाटणी कशी करतात, हिशेबाची वही कशी लिहीत, पुरणपोळीचा उंडा कसा भरतात, असा प्रश्न विचारला की हात जागे होतात आणि हातांमागोमाग सगळे शरीर आपल्या जुन्या वळणावर जाते.

लालबागला आमच्या चाळीत राहणारे एक काका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, होते. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. मी त्यांना चित्रासाठी बसवले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. पहिल्या बैठकीतल्या जवळजवळ प्रत्येक रेखाटनात त्यांचा डावा कान पुढे आलेला होता आणि नजर समोरच्याच्या डोळ्यांवर न थांबता थोडी खाली उतरलेली होती. मला आधी वाटले की हा संकोच असावा, आणि मी तो संकोच म्हणून रंगवलाही असता. तुटलेला धागा कसा सांधायचा हे मी त्यांना विचारले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी सांगितले की साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलत. उजवा कान त्या आवाजातच गेला. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. ज्याला मी लाजाळूपणा समजलो होतो, ती समोरच्याचे एकही अक्षर वाया जाऊ न देण्याची वीस वर्षांची सवय होती. अंदाज बांधून रंगवलेला स्वभाव किती खोटा ठरू शकतो, हे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून रेखाटनात दिसलेल्या लकबीचे कारण कळेपर्यंत मी रंग काढत नाही.

बसण्याची जागा, मान आणि हात

चित्रासाठी माणसाला त्याच्या स्वतःच्या जागी बसवावे. पाहुण्यांसाठीचा सोफा टाळावा. ज्या खुर्चीचा, पाटाचा किंवा खाटेच्या कडेचा आकार त्याच्या पाठीला ठाऊक आहे, तीच जागा निवडावी. आपला डोळा त्याच्या डोळ्याच्या पातळीत असावा. मुंबईच्या जुन्या सभागृहांत आणि रुग्णालयांत दानशूरांची जी भव्य तैलचित्रे लावलेली असतात, ती खालून वर पाहिल्यासारखी वाटतात आणि त्यामुळे त्या व्यक्तींना अधिकार प्राप्त होतो. त्या चित्रांचे कौशल्य अभ्यासण्याजोगेच आहे, मात्र ती पदाची चित्रे आहेत. माणूस जवळून भेटायला हवा असेल तर उंचीचा फरक पुसून टाकावा. अंतर मात्र फार कमी करू नये. तीन-चार फुटांवरून पाहिले तर नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. सहा ते आठ फूट अंतर योग्य ठरते. दहा बाय बाराच्या खोलीत हे जमवण्यासाठी ईझल, म्हणजे कॅनव्हास टेकवण्याची तिपाई, उंबरठ्यापाशी लावून मी स्वतः गॅलरीत उभा राहतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत काम करतो.

मान आणि हात यांना मी चेहऱ्याइतकाच वेळ देतो. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने मृत्यूपूर्वी काही आठवडे, १८९० मध्ये, डॉक्टर गाशे यांचे चित्र रंगवले. त्यातील थकवा आधी समजतो तो मुठीवर कललेल्या डोक्याच्या वजनातून. चित्रातले डोळे हाताने झाकून फक्त तो तिरकस भार पाहिला तरी माणूस कळतो. आपल्याकडचे उदाहरण सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या दीपधारिणीचे आहे. १९४५-४६ च्या सुमारास केलेले आणि मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेले हे जलरंगचित्र अनेक लोक राजा रवि वर्म्यांचे समजतात. हळदणकरांनी त्यासाठी आपल्या मुलीलाच उभे केले होते. ज्योतीपुढे आडवा धरलेला तळवा, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड आणि ज्योत विझू नये म्हणून शरीराने घेतलेली खबरदारी यांतून त्या मुलीची मनःस्थिती उमटते. चेहरा जवळजवळ काहीच 'करत' नाही. आपल्या चित्रात हात दाखवायचे असतील तर ते मांडीवर शोभेसाठी ठेवू नयेत. पदराचे टोक, पानाचा डबा, चष्मा, जपमाळ, जे काही त्या हातांत एरवी असते तेच असू द्यावे. हात दाखवायचे नसतील तर ते पूर्णपणे चौकटीबाहेर ठेवावेत. मनगटावर कापलेले हात चित्राला अपंग करतात.

प्रकाश

ट्यूबलाइट बंद करावी, ही पहिली गोष्ट. छतावरून सगळीकडे सारखा पडणारा उजेड कपाळ, गाल आणि हनुवटी एकाच पातळीवर आणून सोडतो. चाळीच्या खोलीला बहुधा एकाच बाजूने, गॅलरीकडून, उजेड येतो, आणि व्यक्तिचित्रासाठी हे वरदान आहे. दुसऱ्या बाजूच्या खिडकीवर जाड पडदा टाकावा आणि माणसाला दारापासून तीन-चार हात आत बसवावे, म्हणजे चेहऱ्याचा एक भाग उजळतो आणि दुसरा हळूहळू खोलीत विरत जातो. प्रत्येक बैठक त्याच वेळी घ्यावी, कारण सकाळी नऊचा आणि साडेअकराचा उजेड हे एकाच माणसाचे दोन निराळे चेहरे घडवतात.

सावली कुठे पडू द्यायची, हा मात्र स्वभावाचा प्रश्न आहे. डोळे म्हणजे मनाचा आरसा, या समजुतीमुळे नवशिके चित्रकार डोळ्यांवर सर्वांत जास्त उजेड टाकतात. डच चित्रकार रेम्ब्रांने १६२८ च्या सुमारास, ऐन विशीत, केलेल्या एका आत्मचित्रात उलट केले आहे: उजेड गालावर, मानेवर आणि केसांच्या कुरळ्या टोकांवर आहे, आणि दोन्ही डोळे सावलीत बुडालेले आहेत. पाहणाऱ्याला ते शोधावे लागतात, आणि शोधता शोधता तो त्या तरुणाविषयी विचार करू लागतो. मुंबईत ही परंपरा अँटोनियो झेवियर त्रिंदाद यांनी जोपासली. गोव्यात १८७० मध्ये जन्मलेल्या आणि जे. जे. मध्ये शिकून तिथेच शिकवलेल्या या चित्रकाराला 'पूर्वेचा रेम्ब्रां' म्हणत. त्यांची अनेक चित्रे आज पणजीला फुंदासाँव ओरिएन्त या पोर्तुगीज संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांनी घरातल्या माणसांची केलेली चित्रे पाहताना वाटते की अंधार हा त्या घराचाच एक सदस्य असावा. जो माणूस मोकळेपणाने बोलतो त्याला दाराजवळ आणावे, जो शब्द तोलून बोलतो त्याला थोडे आत सरकवावे, एवढा साधा नियम मी पाळतो, आणि तो बहुतेक वेळा उपयोगी पडतो.

रंग

छापील धड्यांतील त्वचेचे मिश्रण, म्हणजे पांढरा, गुलाबी आणि किंचित पिवळा, आपल्या माणसांच्या कामाचे नाही. पिवळी गेरू, बर्न्ट सिएना, इंडियन रेड, अल्ट्रामरीन निळा, थोडा व्हिरिडियन (थंड हिरवा) आणि टायटॅनियम पांढरा एवढ्या रंगांत कोळीवाड्यापासून मलबार हिलपर्यंतची सर्व कांती बसते. सावळ्या त्वचेवरचा उजेड पांढरा मिसळून रंगवला की ती राखाडी आणि खडूसारखी होते. नीट पाहिल्यास कपाळावर आणि गालाच्या हाडावर आकाशाची निळसर छटा चमकत असते, आणि मुंबईच्या घामट हवेत ती अधिकच ठळक होते. ही थंड छटा आणि तिच्या कडेची उबदार तपकिरी यांच्या शेजारात त्वचा जिवंत होते. भिंतीचा रंगही चेहऱ्यावर उतरतो. काकांच्या खोलीची भिंत निळ्या डिस्टेंपरची होती. ती जशीच्या तशी रंगवली असती तर तिने चित्र गिळले असते. म्हणून मी भिंतीचा निळा मातकट केला आणि खरा निळा फक्त सावलीकडच्या जबड्याखाली ठेवला.

तैलरंग तेलाने हवेतील प्राणवायू शोषल्यामुळे वाळतात, आणि पावसाळ्यात, दमट हवेत, हे काम रेंगाळते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पहिल्या थरासाठी अंबर हा मातकट तपकिरी रंग वापरावा, कारण त्यातील मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, तो खालच्या थरात टाळावा. खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा, हा क्रम मोडू नये, नाही तर पुढे तडे जातात. लहान खोलीत टर्पेंटाइनची वाफ घरातल्या माणसांना, विशेषतः वृद्धांना आणि मुलांना, त्रास देते. दार-खिडकी उघडी ठेवावी आणि बाटलीचे झाकण लावलेले असावे.

चेहरा रंगवताना

प्रत्यक्ष रंगकामाला रुंद, चपट्या कुंचल्याने सुरुवात करावी आणि बारीक कुंचले शेवटच्या बैठकीपर्यंत डब्यातच ठेवावेत. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, एवढे मोजमाप पक्के असले की मोठ्या सपाट्या, म्हणजे उजेड-सावलीचे सपाट भाग, मांडता येतात. त्या मांडताना चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींसारख्या करण्याचा मोह आवरावा. प्रत्येक माणसाचा एक डोळा दुसऱ्याहून अधिक जागा असतो, तोंडाचा एक कोपरा अधिक बोलका असतो. हा फरक सुधारू नये. एक बाजू तळहाताने झाकून दुसरी पाहावी आणि मग उलट करावे, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा चेहरा आणि घरातला चेहरा अनेकदा शेजारी शेजारी दिसतात.

भावाचा सगळा भार ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांवर असतो. हे चार-सहा बिंदू जितके रेखीव करावेत तितका चेहरा थिजतो. ते मऊ ठेवले, शेजारच्या रंगात थोडे मिसळू दिले, तर पाहणाऱ्याची नजर ते दर वेळी नव्याने पुरे करते. यासाठी ओल्या रंगावर कोरडा कुंचला एकदाच, वजन न देता, फिरवावा. याउलट चित्रात एक तरी कड धारदार हवी, आणि ती जिथे त्या माणसाची सवय आहे तिथेच असावी. काकांच्या चित्रात ती डाव्या कानाच्या पाळीची कड होती. उजव्या बाजूचा कान मी सावलीत जवळजवळ विरघळवून टाकला. रंगाचा थरही असाच विचारपूर्वक द्यावा: हाडावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर जाड, आणि सावलीत इतका पातळ की कॅनव्हासची वीण दिसावी.

आता विरूपणाविषयी, म्हणजे आकार मुद्दाम बदलण्याविषयी, कारण अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा आतला भाव महत्त्वाचा मानणारे, चित्रण म्हटले की वेडेवाकडे चेहरे एवढेच अनेकांच्या मनात येते. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी डोळे कपाळावर चढवले, चेहऱ्यावर काट्यांसारख्या काळ्या रेघा ओढल्या. त्यामागे माणसाकडे, धर्मसत्तेकडे आणि स्वतःकडे पाहण्याची त्यांची एक जळती दृष्टी होती आणि हाती भक्कम रेखाटन होते. ती रेघ उसनी घेऊन आपल्या आजीच्या चेहऱ्यावर ओढली तर आजीविषयी काहीही कळत नाही. माझा सल्ला असा की एका चित्रात एकच गोष्ट वाढवावी, आणि ती रेखाटनांत पुन्हा पुन्हा आलेलीच असावी. मानेचा कल थोडा अधिक, किंवा खांद्याची उतरण थोडी अधिक, किंवा हातांचा आकार थोडा मोठा. आधी कागदावर अंगठ्याएवढी तीन-चार छोटी चित्रे करून ती वाढ कुठवर पेलते ते पाहावे. जिथे माणूस ओळखू येईनासा होतो किंवा त्याची टिंगल झाल्यासारखे वाटते, त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबावे.

कुठे थांबावे, हे ठरवणे सर्वांत कठीण आहे. अमेरिकन चित्रकार ॲलिस नील यांच्यासमोर १९६५ मध्ये सैन्यात भरतीचा हुकूम आलेला एक तरुण बसला. डोके आणि हात रंगवून झाले होते, उरलेले शरीर नुसत्या रेषांत होते. दुसऱ्या बैठकीला तो आलाच नाही. नील यांनी ते चित्र तसेच पूर्ण मानले, आणि त्या रिकाम्या कॅनव्हासमध्ये त्या मुलाची अनिश्चितता आजही दिसते. प्रत्येक चित्र असे अर्धे सोडावे असे नव्हे, पण सदऱ्याचे प्रत्येक बटण आणि खुर्चीचा प्रत्येक पाय रंगवण्याआधी, त्याने त्या माणसाविषयी आणखी काय कळणार आहे, हे स्वतःला विचारावे. दर बैठकीच्या शेवटी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवावे, आठवडाभर पाहू नये, आणि पुढच्या रविवारी ते उलटताच पहिल्या क्षणी जे खटकेल तेवढेच दुरुस्त करावे. काहीही खटकले नाही तर कुंचला उचलू नये.

घरातल्या माणसाला मधल्या टप्प्यावर चित्र दाखवावे, मात्र "आवडले का?" असे विचारू नये, "काय करतायत असे वाटते?" असे विचारावे. काकांच्या पाचव्या बैठकीला डाव्या बाहीचे काम उरले होते, छातीखालचा सदरा नुसत्या अंबरमध्ये होता. काकू चहा घेऊन आल्या, ईझलसमोर थांबल्या, आणि मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "कुणाचं तरी ऐकतायत." मी पॅलेट पुसायला घेतले. ती बाही आजही तशीच अंबरमध्ये आहे.